पानाबाहेरचा भात

आई गेल्यापासून बाबांचं वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरांना त्यांचे सगळे रिपोर्ट छान वाटत होते; फक्त पँट कमरेवर थांबत नव्हती. बेटेगावहून स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी मला रोज एकच सांगायच्या, "दोन घास खाल्ले नि उठले. माज्या हाताला चव नाय का, दादा?" चव होती. बाबाच टीव्हीसमोर उभ्या उभ्या जेवायचे, बस सुटणार असल्यासारखे.

म्हणून मी त्यांना 'सजग आहार साधना' नावाच्या शिबिराला नेलं. एका चिकूच्या वाडीत पांढऱ्या कपड्यांतली तीसेक माणसं मांडी घालून बसली होती. बाबांना खुर्ची मिळाली. मार्गदर्शकांनी प्रत्येकाच्या तळहातावर चिकूची एक फोड ठेवली. तिच्याकडे बघा, तिचे आभार माना, मग बत्तीस वेळा चावा.

बाबा माझ्या कानाशी आले. "माझे दात अकरा. हिशेब कसा लावायचा?"

परतताना विचारलं, कसं वाटलं?

"फोड लहान होती."

गाडी कारखान्यांच्या रस्त्याने सरावलीला, घराकडे निघाली आणि मला आमची जुनी खोली आठवली. पहिली पाळी संपवून बाबा दुपारी घरी यायचे, हातपाय धुऊन पाटावर बसायचे. ताटाभोवती पाणी फिरवायचे आणि उजव्या बाजूला, जमिनीवर, भाताच्या पाच चिमटी ठेवायचे. चित्राहुती. त्यानंतर जेवण होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. ते मौन आम्हा भावंडांना भक्ती वाटायचं. पुढे त्यांनीच सांगितलं, आठ तास कॉम्प्रेसरशेजारी उभं राहिल्यावर माणसाला देवाचाही आवाज नको असतो.

आई समोर बसून असायची. न विचारता वाढायची. त्यांचं जेवण झालं की ओल्या हाताने त्या पाच चिमटी उचलून खिडकीत ठेवायची. कावळा तयारच असायचा. बाबांची पाळी बदलली की तो चुकायचा, आणि आई म्हणायची, "त्याला दोन दिवस द्या. नवीन वेळ कळायला लागते."

त्या खोलीत 'साधना' हा शब्द मी कधी ऐकला नाही. आभार वगैरे मानायलाही कुणी सांगितलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा मावशी आमटी-भात करून गेल्या होत्या. बाबांनी रिमोट शोधायला सुरुवात केली. मी विचारलं, "हल्ली चित्राहुती घालत नाही तुम्ही?"

"घालून? उचलणार कोण?"

मी इतके दिवस डॉक्टर बदलत होतो, टॉनिकं आणत होतो, चिकूच्या वाडीत पैसे भरत होतो. हे विचारायला मात्र मला आठ महिने लागले.

"मी उचलतो."

नवीन लागलेल्या हेल्परकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जेवण झाल्यावर. आधी नाही. आणि हात ओला करून."

"माहीत आहे."

"बघू."

ते टेबलाशी बसले. ताटाभोवती पाणी फिरवलं. सवय मोडल्यामुळे ते वर्तुळापेक्षा जास्त आमटीत गेलं. सनमायकावर पाच चिमटी ठेवल्या. मी समोर बसलो. बोलायला तोंड उघडलं, आणि बोलायचं नसतं हे एकदम आठवलं. पंख्याचा आवाज येत होता. मध्येच त्यांनी ताट किंचित पुढे सरकवलं. मला कळायला वेळ लागला. आईला लागला नसता. मी आमटी वाढली.

ताट रिकामं झालं. मी हात ओला करून पाचही चिमटी उचलल्या आणि खिडकीच्या ग्रिलबाहेर ठेवल्या. समोरच्या पत्र्यावर कावळा नव्हता. मी थोडा वेळ तिथेच उभा राहिलो, परीक्षेचा निकाल लागायचा असावा तसा.

"तिथं काय उभा राहिलास?" बाबा मागून म्हणाले. "त्याला दोन दिवस लागतील. तोवर थोडा भात वाढ."