पित्ताची गोळी

रत्नागिरीजवळच्या पावस गावातल्या आमच्या घरात माझी डिप्रेशनची गोळी ‘पित्ताची गोळी’ म्हणून नांदत होती. खरं काय ते फक्त नवऱ्याला माहीत. डोक्याची गोळी म्हटली की गावात माणूस वेड्यांत जमा. पित्ताचं बरं असतं, ते घरोघरी असतं. सासूबाई तर मला न मागता कोकम सरबत करून द्यायच्या.

गणपतीला धाकटे दीर मुंबईहून आले. चाकरमान्याची बॅग उघडली की प्रत्येकासाठी काहीतरी निघतं, आणि ते घ्यावंच लागतं. या वेळी बायकांसाठी कॅप्सूल निघाल्या. सेंट जॉन्स वर्ट नावाच्या कुठल्याशा परदेशी झाडाच्या.

“वैनी, झाडपाला आहे, साइड इफेक्ट शून्य. मन कसं शांत राहतं बघा!”

नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. झाडपाला तो, काय वाकडं करणार, असं म्हणत मी रोज एक कॅप्सूल पित्ताच्या गोळीबरोबर गिळू लागले.

गौरीच्या संध्याकाळी फुगड्या रंगात आल्या आणि माझ्या हातांना कंप सुटला. मग पायांना. पाठ घामाने भिजली, छाती धडधडायला लागली, एका जागी बसवेना. मला वाटलं, मेले मी. बायकांना वाटलं, अंगात आलं! कुणीतरी माझे केस मोकळे सोडले, कपाळ कुंकवाने भरलं. शेजारच्या काकू पुढ्यात बसून विचारू लागल्या, “माये, माझ्या लेकाचं लगीन कधी जमेल?”

अगं बाई, इथे माझा जीव चाललाय आणि हिला सून हवी!

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याला सगळं ठाऊक होतं. तोही हात जोडून उभा होता.

मग मीच ओरडले, “देवी-बिवी काही नाही! मी डिप्रेशनची गोळी घेते. मला दवाखान्यात न्या!”

रत्नागिरीला डॉक्टरांनी विचारलं, आणखी काय घेता? दिरांनी मान खाली घालून कॅप्सूलची बाटली पुढे केली. गोळी आणि कॅप्सूल, दोन्हींनी मिळून शरीरात सेरोटोनिन नावाचं रसायन फाजील वाढवलं होतं. असल्या गोळीबरोबर ती कॅप्सूल घ्यायचीच नसते, डॉक्टर म्हणाले. दोन्ही बंद केल्या, सलाइन लावलं. हळूहळू थरथर ओसरली.

सासूबाई उशाशी बसून माझ्या मानेवरचा घाम टिपत होत्या. म्हणाल्या, “देवी आली असती तर बरा झाला असता गो. लोकांस सांगाया तरी आला असता.”

त्यांचा मला राग आला नाही. नवऱ्याचा आला, आणि तो अजून आहे.