बडवलेलं ते श्लाग

व्हिएन्नातल्या त्या कॉफीघरात पोल्डीबाईंनी एकेचाळीस वर्षं क्रीम फेटलं. हातानं, तांब्याच्या भांड्यात, खाली बर्फ घालून. झालं की भांडं स्वतःच्याच डोक्यावर उपडं धरायच्या. पडलं नाही तरच क्रीम बाहेर जायचं. एकदाच पडलं, तेव्हा माखल्या केसांनीच त्या दुसरं फेटायला बसल्या होत्या.

शब्द त्यांना आईनं दिला. खेड्यात ती दूध मडक्यात निवत ठेवायची आणि चढलेला दाट थर बोटानं दाखवायची. "वर येतं ते ओबर्स. त्याला बडवलं की श्लागओबर्स. श्लाग म्हणजे फटका, पोरी. मार खाल्ल्याशिवाय ते फुलत नाही." घाईच्या शहरानं पुढं ओबर्स गाळलं, नुसता फटका, म्हणजे श्लाग, ठेवला. पोल्डीबाईंना मात्र त्या फटक्यात आईचा हात दिसायचा.

कॉफीघराचे मालक वारले आणि त्यांच्या सूनबाई गेरलिंडे गल्ल्यावर बसल्या. त्यांनी नवं मेन्यूकार्ड छापलं. जर्मनीच्या पाहुण्यांना कळावं म्हणून श्लाग काढून तिथं क्रीमसाठीचा त्यांचा शब्द 'झाने' घातला. व्हिएन्नात झाने म्हणणं म्हणजे घरच्या माणसाला परक्या नावानं हाक मारणं. पोल्डीबाईंचं मनगट कामातून गेलं होतं, तो त्यांचा शेवटचा आठवडा. जाण्याआधी शब्द कार्डावर परत आणायचाच, असा चंग बांधून त्या भांडायला गेल्या.

गेरलिंडे भांडल्याच नाहीत. त्यांनी क्रीम फुलवायची गॅसची बाटली काढली आणि कळ दाबली. गरम कॉफीवर पांढरा डोंगर उभा राहिला, आणि दोघींच्या डोळ्यांदेखत बसत गेला.

"याला बडवलं कुणी?" पोल्डीबाईंनी विचारलं.

"कुणीच नाही. आत वारा भरलेला असतो."

"मग कार्ड राहू दे तसंच. खोटं नको लिहूस."

एवढं बोलून त्या आत गेल्या आणि रिकामं भांडं पोटाशी धरून पोटभर रडल्या.

पुढच्या सोमवारी त्या त्याच कॉफीघरात आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून बसल्या. वीस वर्षं सोबत काम केलेला फेर्डल वेटर काय आणू म्हणून विचारायला आला.

"कॉफी. श्लाग घालून," सवयीनं तोंडातून गेलं.

फेर्डलनंही सवयीनंच स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"काळीच आण," त्या म्हणाल्या.