कॅप्सूल आणि माहेरचं बाळंतपण

केमो म्हटलं की मला सलाइनची बाटली आणि हॉस्पिटलचा पलंग दिसायचा. आमच्याकडे ती प्लास्टिकच्या डबीतून आली. नवऱ्याच्या हाडांतला मगज गरजेपेक्षा जास्त रक्तपेशी तयार करतो. रक्त दाट होतं, कुठे गुठळी अडकली की अर्धांगवायू. म्हणून रोज हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल. डॉक्टरांनी सगळं मलाच बजावलं, कारण हे खिडकीबाहेर बघत बसले होते. कॅप्सूल फोडायची नाही, हातमोजे घालूनच हाताळायची. पूड सांडली तर ओल्या कागदाने पुसून तो कागद पिशवीत बांधून टाकायचा. ताप आला तर काढे करत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. आणि गरोदर बाईने तर ह्या औषधाला हातही लावायचा नाही.

तेव्हा घरात गरोदर कोणी नव्हतं. मी मान डोलावली आणि हातमोज्यांचं खोकं घेऊन आले.

"एवढं विषारी आहे तर मला कशाला देतेस?" हे म्हणाले.

"विषच द्यायचं असतं तर इतकी वर्षं थांबले नसते," मी म्हटलं. तेवढ्यावर आमचं भागलं.

मग मुलीला दिवस गेले. तिचं सासर डोंबिवलीला. माणसं भली, घर मोठं, इमारतीला लिफ्ट. पण आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, येऊ दे, पण औषधापासून लांब ठेवा, ते घामा-लघवीतूनही बाहेर पडतं, म्हणून ह्यांचे कपडे वेगळे धुवा, संडासचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. आमचं शांती नगरचं घर वन बीएचके. संडास एकच. म्हणजे हे आत जाऊन आले की मी हातमोजे चढवून पाठोपाठ आत. मुलगी दारात ताटकळत उभी. ती घाबरेल म्हणून औषधाचं तिला नीट सांगितलं नव्हतं.

शेजारची गुजराती भाभी एकदा माझ्या हातमोज्यांकडे बघतच राहिली. "इतना कायको करती हो? बेटी है, मेहमान थोडी है."

तिला काय सांगणार? इमारतीत ह्यांचं आजारपण 'बीपी' ह्या नावाने माहीत होतं.

मी दमले होते. हे लिहायला लाज वाटत नाही. लेक घरात आल्याचा आनंद होता, पण त्या आनंदालाही सकाळ-संध्याकाळ फरशी पुसावी लागत होती. हे मात्र खुलले होते. पोटातल्या नातवंडाला पेपर वाचून दाखवायचे. तिच्यासाठी भाईंदरहून ताजी मांदेली आणायचे. कधी नव्हे ते मला चहा करून द्यायचे.

महिन्याच्या तपासणीत रिपोर्ट बिघडलेला आला. डॉक्टरांनी विचारलं, "डोस चुकतायत का?"

मला रागच आला. "रोज सकाळी डबीच्या झाकणात काढून मी स्वतः देते," मी म्हटलं. हे टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

परतीच्या रिक्षात सिल्व्हर पार्कच्या सिग्नलला ह्यांनी तोंड उघडलं. "ती आल्यापासून घेत नाहीये मी. मी औषधच घेतलं नाही तर तिला धोका कसला? बाळंत होऊ दे, मग करतो ना चालू."

"मग कॅप्सूल करता काय?"

"तू वळलीस की शर्टाच्या खिशात टाकतो. फिरायला जाताना कचऱ्यात."

ह्या माणसाला बापाचं काळीज आहे आणि अक्कल नाही, असं मला वाटलं. घरी आले तर बाल्कनीत दोरीवर ह्यांचे शर्ट वाळत होते.

"तू दमतेस म्हणून मशीन लावलं," मुलगी म्हणाली.

"खिसे बघितलेस?"

"तूच शिकवलंयस ना, खिसे बघितल्याशिवाय कपडे टाकायचे नाहीत. बाबांच्या एका खिशात कसली तरी गोळी फुटली होती. उलटा करून झटकला. का गं?"

मी तिला नळाखाली नेलं आणि साबणाने तिचे हात धुतले, पुन्हा धुतले. ती घाबरली. हे दारात उभे होते, पायातली चप्पल तशीच. मग आमच्या डॉक्टरांना फोन, तिच्या डॉक्टरीणबाईंना फोन, दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी. बाळ ठीक होतं. एवढ्याने काही होण्याची शक्यता फार कमी, पण पुन्हा असं नको, असं दोघांनीही सांगितलं. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर हे रडले. मी रडले नाही, मला तेवढी ताकद नव्हती.

त्या संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, "तू डोंबिवलीला जा."

"आई असताना सासरी बाळंतपण? बाबा आता घेतील ना नीट."

"घेतील. तू गेलीस तर नक्की घेतील."

ती म्हणाली, "म्हणजे तू बाबांना निवडलंस."

नाही म्हणता आलं असतं. पण ते खोटं झालं असतं. "तुला जपायला तिकडे चार माणसं आहेत," मी म्हटलं. "ह्यांना मी एकटीच."

जावई गाडी घेऊन आला. डिंकाचे लाडू, धुतलेली जुनी धोतरं, बाळासाठी शिवलेल्या दुपट्यांची पिशवी, सगळं मी मागच्या सीटवर ठेवलं. मुलीने वाकून नमस्कार करायचा प्रयत्न केला, पोटामुळे जमेना. मी तिला वरच्यावर धरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी झाकणात कॅप्सूल काढून ह्यांच्यापुढे धरली. ह्यांनी पाण्याबरोबर गिळली आणि मी काही म्हणायच्या आत माझ्यासमोर आ केला. लग्नाला एवढी वर्षं झालेला माणूस, लहान पोरासारखी जीभ वर उचलून दाखवत होता. राहू द्या, विश्वास आहे, असं म्हणायला हवं होतं. मी चष्मा लावला आणि जिभेखाली नीट बघितलं.