हाक आली तेव्हा माझ्या तोंडात नळी होती

आधीच सांगून ठेवते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावास्येला नवं कापड कापू नये म्हणतात, मी कापते. आमगावला माझं शिवणकाम आहे, ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस. अंगाला टेप लावल्याशिवाय कात्री उचलायची नाही, अंदाजपंचे काम करायचं नाही, हा आपला स्वभाव. या सदरात लोक लिहितात ना — पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही — ते मी मशीनवर बसून मोठ्याने वाचायचे आणि मी अन् माझी पोरगी दोघीही हसून हसून बेजार व्हायचो. आज मीच लिहायला बसले आहे. तुम्हीही हसा, माझी काही हरकत नाही. फक्त पूर्ण वाचून हसा.

सुरुवात झाली अंदमानात. आमची प्रणाली नागपूरला नोकरी करते, तिने आम्हा दोघांना हट्टाने फिरायला नेलं. तिथे एका संध्याकाळी तिने खास आमच्यापुरती बोट ठरवली होती. आम्ही तिघं, सूर्यास्त बघायचा, आणि मग समुद्रात उतरून पाण्यात तोंड घालून मासे बघायचे. त्याला स्नॉर्कलिंग म्हणतात. डोळ्यांना काचेचा चष्मा, तोंडात रबराची नळी, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या वर, त्यातून श्वास घ्यायचा. मी तर आदल्या दिवशीच बाजारातून स्वतःचा चष्मा आणि नळी घेऊन ठेवली. आणि नेमका समुद्र खवळला. बोटी बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशी विमानात बसून घरी.

आमचे हे मात्र मनातून खूश होते. यांचं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे. गावोगावच्या विहिरींतलं पाणी वर आणून देणारा माणूस, पण स्वतः कधी गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेला नाही. पोहता येत नाही आणि शिकायचंही नाही. माझं उलट. माझं माहेर अर्जुनी मोरगावकडचं. आमच्या शेतात बोडी होती, म्हणजे धानाला पाणी द्यायचं छोटं तळं. त्यात मी भावांच्या बरोबरीने पोहायचे. लग्न झालं आणि ते संपलं. आम्हा पोवारांच्या घरात सुनेने तळ्यात उडी मारलेली कोणी बघितली आहे? मीही नाही बघितली. म्हणून तर माझ्या डोक्यात ते बसलं होतं.

घरी आल्यावर तो चष्मा मी मशीनसमोरच्या खिळ्याला लटकवून ठेवला आणि येता-जाता सगळ्यांना ऐकवत राहिले. शेवटी होळीला प्रणाली आली तेव्हा म्हणाली, "मम्मी, छोड ना समुद्र. आपलं नवेगाव काय कमी आहे?"

आमच्या जाऊबाई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता जावई आणाच्या वयात कायले वो पाण्यात जातं? लोक काय म्हनतीन?"

मी म्हटलं, "जावई आला की त्यालेही घेऊन जाईन."

तर असे आम्ही तिघं नवेगाव बांधच्या तलावावर गेलो. तिथे श्यामराव भाऊ म्हणून मासेमारी करणारे आहेत, यांच्याकडून मोटर दुरुस्त करून नेणारे, त्यामुळे घरोब्याचे. त्यांची लाकडी नाव, मागे छोटं इंजिन. ऊन उतरल्यावर निघालो. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते... चारी बाजूंनी जंगलाच्या टेकड्या आणि मध्ये एवढं मोठं पाणी की पलीकडचा काठ नीट दिसत नाही. वारा अजिबात नव्हता. श्यामराव भाऊंनी सगळ्यांना लाइफ जॅकेट दिली. मी पाण्यात उतरणार म्हणून घातलं, पोरीने फोटोत चांगलं दिसत नाही म्हणून काढलं, आणि यांनी काय करावं? फळी टोचते म्हणून घडी करून बुडाखाली घेतलं. गादी म्हणून. पंपवाल्या माणसाची अक्कल.

मी म्हटलं, "अवो, ते बसायचं नाही, घालायचं आहे."

"मी कुठे उतरून राहिलो? तू उतरून राहिली," हे म्हणाले.

मध्यावर इंजिन बंद केलं. नावेला एक दोर बांधला, त्याचं टोक माझ्या हातात. ओढणी काढून ठेवली आणि ड्रेससकट उतरले. वरचं पाणी कोमट, पायाखालचं थंड. चष्मा लावला, नळी दातांत धरली, तोंड पाण्यात घातलं.

अंदमानसारखं रंगीबेरंगी काही नव्हतं, खोटं कशाला सांगू. हिरवा उजेड. हाताच्या पुढे दोन हात दिसत असेल-नसेल. खालून वर आलेलं लांब गवत, आणि एक बोटभर मासा आला, माझ्या काचेपाशी थांबला, आवडलं नसेल, निघून गेला. पण मी खूश होते. लग्न झाल्यापासून इतकी खूश मी कधी नव्हते म्हटलं तर घरच्यांना राग येईल, पण तसंच होतं. कानात पाणी गेलं की बाहेरचं जग बंद होतं. स्वतःचा श्वास तेवढा नळीतून ऐकू येतो, बाकी काही नाही.

आता या वेळी वर काय चाललं होतं ते मला नंतर कळलं, पण इथेच सांगते. पोरगी नावेच्या पुढच्या टोकाला उभी राहून सूर्याचा व्हिडिओ काढत होती. श्यामराव भाऊ मागे वाकून इंजिनच्या पंख्यात अडकलेलं गवत ओढत होते. आणि आमच्या यांनी संधी साधली. यांना खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, सोडायला लावला होता मी, डॉक्टरांनी तोंड बघून दम दिला होता म्हणून. देवासमोर शपथ घेतली होती यांनी. पण पुडी खिशात होतीच. माझं तोंड पाण्यात, पोरीची पाठ, मग काय... भरला तोबरा. आणि थुंकायला मुद्दाम माझ्या उलट्या बाजूला गेले, मला लाल दिसू नये म्हणून. नाव कलली, हे गेले. तोंड भरलेलं, ओरडायचं कसं? दगड सोडावा तसे गेले, एवढासाही आवाज नाही.

यातलं मला काहीच माहीत नव्हतं. मी आपली गवत बघत होते. आणि माझ्या कानाशी कोणीतरी बाई म्हणाली,

"टेकचंद."

हे यांचं नाव. लिहिते आता, काय व्हायचं ते होऊ दे. आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. 'अवो', 'ऐकता का', 'प्रणालीचे बाबूजी' — एवढ्यावर माझा संसार झाला. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही बँडच्या गोंगाटात, माझं मलाच ऐकू आलं नाही. पोरगी बाबूजी म्हणते, श्यामराव भाऊ मिस्त्री म्हणतात. त्या पाण्यावर यांना नावाने बोलावणारं कोणीच नव्हतं.

आणि ती हाक घाबरलेली नव्हती. किंचाळी नाही, रडणं नाही. जेवायला एकदा बोलावलं, माणूस उठला नाही, मग दुसऱ्यांदा बोलावताना आवाजात जरा वैताग येतो ना, तसा आवाज. मला आधी रागच आला. कोण ही बाई, म्हटलं, आमच्या माणसाला नावाने बोलावणारी?

डोकं वर काढलं, नळी थुंकली आणि पोरीला विचारलं, "कोण बोलावून राहिलं बाबूजीले?"

ती वळून म्हणाली, "तूच तर बोलावलं ना मम्मी..." आणि तिचं बोलणं तिथेच थांबलं. कारण फळीवर नुसतं लाइफ जॅकेट होतं. घडी केलेलं.

तेवढ्यात परत हाक आली. "टेकचंद." नावेच्या पलीकडच्या बाजूने, अगदी पाण्याच्या पातळीवरून. या वेळी तिघांनीही ऐकली. श्यामराव भाऊंच्या हातातलं गवत गळून पडलं.

मी जॅकेट काढून फेकलं आणि नावेच्या खालून गेले. हिरवा अंधार. हात फिरवते तर गवत, गवत, गवत... आणि मग पांढरं काहीतरी. शर्टाची बाही. कॉलर धरली आणि वर ओढलं. श्यामराव भाऊंनी वरून केस धरले, पोरीने हात धरला, कसं चढवलं ते आम्हा तिघांनाही आठवत नाही. श्यामराव भाऊंनी यांना पालथं घालून पाठीवर मारलं, तेव्हा तोंडातून पाणी आलं, सुपारी आली, आणि मग खोकला आला. तो खोकला ऐकून मी नावेत बसून ढसाढसा रडले. आणि रडता रडता खर्ऱ्यावरून शिव्याही दिल्या.

काठाकडे येताना प्रणाली मला बिलगून म्हणाली, "मम्मी, तू नाव घेऊन बोलावलं म्हणून बाबूजी वाचले."

मी म्हटलं, "मी नाही बोलावलं."

"शॉकमध्ये आहेस तू."

"अगं, तोंडात नळी होती माझ्या. नळी दातांत धरून 'टेकचंद' म्हणून दाखव बरं तू." घरी येऊन तिने म्हणून बघितलं. 'हू-हू' एवढंच येतं. आणि दुसऱ्या हाकेच्या वेळी मी तिच्या डोळ्यांसमोर होते, तोंड मिटून. ते तिला आठवतं, कबूलही आहे, तरी ती म्हणते तूच असशील.

श्यामराव भाऊ इंजिनपाशी बसले होते. काठावर उतरताना तेवढे बोलले, "बाईच होती जी. पन तुमी नोहोता." आणि पाण्याला हात जोडले.

यांना सरकारी दवाखान्यात दाखवलं, छातीत पाणी नव्हतं, घरी आणलं. आणि मग आमच्या घरात दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, मीच ओरडले, भीतीने विसरले. यात आमचा शिकलेला भाचा पुढे, तो मला मेंदू कसा चालतो ते समजावत होता. माझं डोकं मी ओळखते, त्याला ओळख करून द्यायची गरज नाही. दुसऱ्या पक्षाच्या जाऊबाई. त्यांचं म्हणणं, ती तलावातली बाई आहे, तिने नाव उच्चारलं म्हणजे यांना हेरून ठेवलं आहे, कोंबडं दिल्याशिवाय सोडणार नाही, आणि तू आता त्या पाण्याचं तोंड बघायचं नाही.

मी दोन्ही पक्षांना हात जोडले. मी ओरडले नाही. आणि जिने माझं माणूस वाचवलं तिला मी कोंबडं मागणारी म्हणणार नाही. वाचवणाऱ्याची अशी बदनामी करतात का?

पण टेप लावल्याशिवाय राहीन ती मी कसली. परत नवेगावला गेले आणि काठच्या वस्तीत घरोघर विचारलं. टेकचंद नावाचं कोणी आहे का? त्या संध्याकाळी कोणी बाई काठावरून कोणाला हाका मारत होती का? पाण्यात दुसरी नाव होती का? नाही, नाही, नाही. एक म्हातारी उलट मलाच म्हणाली, "कायले खोदून राहिली बापा, मानूस भेटला ना तुले वापस?" भेटला. पण मला कळायला नको का कोणी दिला?

त्याच दिवशी मी पुन्हा उतरले. तोच चष्मा, तीच नळी. हे नावेत, लाइफ जॅकेट अंगात, पट्टे मी स्वतः आवळलेले. खूप वेळ तोंड पाण्यात घालून राहिले. मनात म्हटलं, बाई, कोण असशील ती, बोल, मी भीत नाही. माझ्या श्वासाशिवाय काही ऐकू आलं नाही. आजपर्यंत चार-पाचदा तरी गेले असेन, काही नाही. म्हणून सरळ लिहिते — मला कळलेलं नाही. ज्याला कळलं आहे असं वाटतं त्याने माझ्यासमोर येऊन बोलावं.

एक गोष्ट मात्र घरात कोणाला सांगितली नाही, ती इथे सांगते. मागच्या महिन्यात एका संध्याकाळी दुकान बंद करून हे आले, चहा घेत होते. एकदम म्हणाले, "एकदा माझं नाव घे ना."

"काऊन?"

"घे तर."

मला लाज वाटली हो, या वयात. कप खाली ठेवला आणि म्हटलं, "टेकचंद."

हे डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "नाही. तू नव्हती ती."

मी विचारलं, "तुम्ही ऐकली होती? खाली?"

"हो. खाली जाऊन राहिलो होतो. हातपाय मारून थकलो आणि बरं वाटायला लागलं... वाटलं, जाऊ दे, आता कोण उठते. मग तिनं बोलावलं. उठावं लागलं."

चहाचे कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहिले. राग आला होता मला, खरं सांगते. इतकी वर्षं संसार मी केला, आणि माणूस उठला तो परक्या बाईच्या हाकेला. कारण माझ्या तोंडून त्याने स्वतःचं नाव कधी ऐकलंच नव्हतं. मी तिथे हाक मारली असती तरी माझाच आवाज आहे हे त्याला कुठून कळणार होतं?

त्या दिवसापासून मी यांना नावाने हाक मारते. अंगणातून, दुकानाच्या पायरीवरून, भर बाजारात. जाऊबाई तोंड फिरवतात, फिरवोत. लोक हसतात, हसोत. पुन्हा कधी तशी वेळ आली तर या माणसाने माझ्या आवाजाला उठलं पाहिजे, एवढंच मला कळतं. दुपारी ताट वाढते आणि गल्लीला ऐकू जाईल असं म्हणते, टेकचंद, जेवायला या. पहिल्या हाकेला येतात.