साचा नगरपालिकेत अडकला होता

“अकरा दिवस पुरतील एवढेच व्हॉल्व्ह उरलेत,” मी सांगितलं.

स्क्रीनवर डेक्लन होता, माझा बॉस. एरवी हा माणूस कशालाही ‘ग्रँड’, म्हणजे एकदम मस्त, म्हणतो. प्लांटचं छप्पर उडालं तरी म्हणेल. त्या दिवशी म्हणाला नाही.

एप्रिल २०२०. आयर्लंडमधल्या किलकेनीजवळच्या आमच्या प्लांटमध्ये व्हेंटिलेटरच्या नळ्या बनतात. नळीत बोटाच्या पेराएवढी एक रबरी झडप बसते. पेशंटने सोडलेला श्वास ती परत आत जाऊ देत नाही. तोच हा व्हॉल्व्ह. तो नसेल तर नळी कुणाच्या उपयोगाची नाही. हॉस्पिटलं रोज फोन करत होती, आणि व्हॉल्व्ह देणारा कारखाना एकच होता, फ्रान्समधल्या एका लहानशा गावात. एकाच सप्लायरवर भिस्त ठेवू नये, हे सप्लाय चेनवाल्यांना पहिल्या दिवशी शिकवतात. सप्लाय चेनवाली मीच.

तिथले दोन कामगार आजारी पडले आणि कारखाना बंद झाला. व्हॉल्व्हचा साचा, म्हणजे ज्यात रबर दाबून आकार देतात तो लोखंडी ठोकळा, आत अडकला. साचा आमच्या मालकीचा होता. तो इकडे आला असता तर इथलाच एक कारखाना तीन दिवसांत काम सुरू करणार होता. फ्रेंच मालकाने मेलमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: शेड गावच्या नगरपालिकेचा आहे, कुलूप त्यांनीच लावलंय, परवानगी त्यांच्याकडे मागा.

मी ‘नगरपालिका’ वाचलं आणि पुढे गेले. खोटं कशाला बोलू? मनात म्हटलं, एवढंसं गाव, तिथला मेयर काय दिवे लावणार. वरून दट्ट्या आला की खालचे आपोआप हलतात. म्हणून त्या भागातलं मोठं माणूस शोधलं. एक बाई सापडल्या. आधी त्याच गावच्या मेयर, मग पॅरिसला राष्ट्रीय संसदेत, आता युरोपियन संसदेत खासदार. म्हटलं, झालं काम. ब्रसेल्सच्या ऑफिसला कडक भाषेत पत्र पाठवलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पत्र मिळालं. चौथ्या दिवशी आलं, पत्र संबंधित विभागाकडे पाठवलंय. सातव्या दिवशी कळलं की उद्या बाई दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर देतील.

डेक्लनसाठी मी त्यांची एक पानी माहिती तयार केली. युरोपियन संसदेतल्या कमिट्या, सहा ओळी. राष्ट्रीय संसद, चार ओळी. तळाला एक ओळ: पूर्वी एका छोट्या गावाच्या मेयर. तीही काढणार होते, पण पानावर जागा होती.

कॉल लागला. पिकलेले केस, मागे फडताळात जॅमच्या बरण्या. डेक्लनने माझ्या पानावरून सुरुवात केली. आपण युरोपियन आरोग्य कमिटीच्या सदस्य म्हणून वगैरे. बाईंनी त्याला हाताने थांबवलं.

“गावच्या नगरपालिकेला फोन केला होता?”

डेक्लनने माझ्या चौकटीकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हणाले.

“का?”

 खरं कारण सोडून मी पत्राची तारीख सांगितली.

“तो शेड मी मेयर असताना आम्ही बांधला,” बाई म्हणाल्या. “आणि मी आत्ता ब्रसेल्सला नाही. लॉकडाऊनमुळे घरीच आहे. इथून तो शेड पायी दहा मिनिटं. तुमचं पत्र ब्रसेल्सला माझ्या टेबलावर पडलंय, मला काल कळलं.”

“मग आपणच मेयरना सांगाल का?” डेक्लनने विचारलं.

“दोन्ही पदं एकदम ठेवता येत नाहीत, म्हणून मी मेयरपद सोडलं. आता तिथे साधी सदस्य आहे. सही मेयरची. पण कागद एक क्लार्क तयार करतो. त्याला विचारा.” त्यांनी क्लार्कचं नाव स्पेलिंगसकट सांगितलं, थेट नंबर दिला आणि म्हणाल्या, “तो फोन उचलतो. मी त्याच्याबरोबर बरीच वर्षं काम केलंय.”

त्याने दुसऱ्या रिंगला उचलला. मोडकं इंग्रजी त्याचं, मोडकं फ्रेंच माझं. चाळीस मिनिटांत सहीचा कागद मेलवर आला. मला बरं वाटायला हवं होतं. मी लॅपटॉप बंद करून रडले.

कारण हिशेब सरळ होता. व्हॉल्व्ह आता तीनच दिवसांचे उरले होते. ट्रकला तीन दिवस, कारखान्याला तीन दिवस. आमची लाइन तीन दिवस बंद राहिली. हॉस्पिटलांना ते सांगायचं काम मी मागून घेतलं. एका हॉस्पिटलातली स्टोअरवाली बाई एवढंच म्हणाली, “बरं. शेजारच्या हॉस्पिटलातून नळ्या उसन्या आणते.” ती चिडली असती तर परवडलं असतं.

रविवारी माझ्या गावी, आर्वीला, बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं.

“काहून?” बाबा म्हणाले. “नगरपालिकेत माणसं बसत नाही का?”

“बाबा, मला वाटलं, लहान गाव आहे, तिथे कोण...”

“मी तेहतीस वर्षं कुठं होतो, बाई?”

आर्वी नगरपालिका, पाणीपुरवठा विभाग, क्लार्क. नळाला पाणी आलं नाही की सकाळी सातला लोक आमच्या अंगणात उभे असायचे. दिल्लीला कुणी पत्र लिहीत नव्हतं. बाबा अर्धा चहा ठेवून सायकल काढायचे. आणि मी इंजिनिअरिंगच्या फॉर्मवर, वडिलांचा व्यवसाय, पुढे ‘शासकीय सेवा’ लिहिलं होतं. तो फॉर्म बाबांनीच पोस्टात टाकला होता.

 मग बाबाच म्हणाले, इकडे ऊन फार तापतंय.

आता नवा सप्लायर आला की त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी गावच्या नगरपालिकेचा नंबर लिहिते. खासदार, मंत्री त्याखाली. आणि नंबराशेजारी, फोन उचलणाऱ्या क्लार्कचं नाव.