थोरली, धाकटी आणि मी पंच

माझे साडू मंगळवारी सकाळी सव्वानऊ वाजता गेले. ते खुर्चीत बसले होते. चहा झाला होता. माझ्या बायकोच्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, फोन आला आणि मी वाचनालयाला कुलूप लावून भिसेगावला गेलो.

आता त्यांच्याविषयी लिहायला बसलो आहे, तर एकच गोष्ट ठामपणे सांगता येते. जगात कुठलीही वस्तू एकटी असते, हे माझ्या साडूंना कधीच मान्य नव्हतं. त्यांच्या लेखी प्रत्येक गोष्टीला एक जोडीदार होता आणि त्या दोघांत डावंउजवं ठरवायला देवाने त्यांना कर्जतला पाठवलं होतं. चहा प्यायचा तर दोन टपऱ्यांवर अर्धा-अर्धा. नवी चप्पल घेतली की आठवडाभर एका पायात जुनी, एका पायात नवी. लग्नात जेवायला बसले की डावीकडच्या वाढप्याकडून मसालेभात, उजवीकडच्याकडून पुन्हा मसालेभात, आणि मग डोळे मिटून निकाल. सासरेबुवांचे दोन जावई, म्हणजे ते आणि मी, हासुद्धा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. "साडूभाऊ, मी जुनं मॉडेल, तुमी नवं," ते चारचौघांत सांगत. "तुमच्यात सोयी जास्त हायेत, पण बॅटरी टिकत नाय." मी दुपारी तासभर झोपतो, त्यावर हा शेरा होता.

व्यवसायाने ते लग्नाचे फोटोग्राफर. कर्जत-खालापूर पट्ट्यातली निम्मी जोडपी त्यांच्यासमोर "जरा हसा की, पुढं वेळ मिळायचा नाय" हे वाक्य ऐकून संसाराला लागली. त्यांच्याकडे दोन कॅमेरे होते. पहिला त्यांनी ऐन उमेदीत घेतला, बारा मेगापिक्सेलचा. अंगाने लोखंडी, आवाजाने अडकित्त्यासारखा. त्याच्या मुठीचं रबर सुटलं होतं, ते त्यांनी सायकलच्या पंक्चरच्या सोल्युशनने चिकटवलं होतं. ही थोरली. दुसरा बऱ्याच वर्षांनी आला, पंचेचाळीस मेगापिक्सेलचा. अंधारात दिसणारा, बोट लावलं की ऐकणारा, व्हिडिओही काढणारा. ही धाकटी. धाकटीचं कौतुक ते मोकळ्या मनाने करत आणि कौतुकाच्या शेवटी हटकून एक पाचर मारत. "धाकटी खरं बोलती. वरमाईच्या ओठावरची लवसुदीक मोजून देती. पण मांडवात खरं बोलणारं माणूस कुणाला पायजे? थोरली बघा, समजूतदार हाय. दिसतं सगळं, पण बोलत नाय." कुणी तरुण गिऱ्हाइकाने सांगितलं की आता आरशाचे कॅमेरेच मागे पडले, बिनआरशाचे निघालेत, तर ते त्याला खालून वर न्याहाळत आणि म्हणत, "आरशाबिगर दाढी केली काय रं सकाळी?"

कर्जतच्या पावसाळ्यात भिंतीला ओल येते आणि भिंगाला बुरशी. म्हणून साडूंनी ताईंच्या माहेरून आलेल्या लोखंडी कपाटाला मागून भोक पाडलं, आत झिरोचा दिवा सोडला आणि वरचे दोन कप्पे दोन कॅमेऱ्यांना दिले. ताईंच्या साड्या ट्रंकेत गेल्या. शिवाय ओल शोषणाऱ्या त्या छोट्या पांढऱ्या पुड्या त्यांना नेहमी कमी पडत. बाजारपेठेतल्या चपलांच्या दुकानात जाऊन ते बूट न घेता नुसत्या पुड्या मागत. एका लग्नात मुलीच्या बहिणी नवरदेवाचे बूट पळवायला आल्या, तर बुटांच्या खोक्यापाशी साडू आधीच वाकलेले. "बूट तुमी घ्या गं," ते म्हणाले, "माझं काम झालं," आणि पुडी खिशात घालून फोटो काढायला निघून गेले.

ताईंनी तीनेक वर्षांपूर्वी तोंड उघडलं. "दोन सवती एका कपाटात ऱ्हाणार नाय. एक ठेवा, एक काढा. माझ्या साड्यांना कसर लागली." साडूंनी ते ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला, कारण तुलना करायची सरकारी परवानगीच मिळाली होती. परीक्षा घ्यायची आणि हरेल ती विकायची, असं त्यांनी ताईंना वचन दिलं. मात्र निकाल पक्का हवा, म्हणून दर तीन महिन्यांनी परीक्षा, आणि सलग तीनदा हरेल तीच हरली असं समजायचं. ही मेख त्यांनी ताईंच्या लक्षात येऊ न देता घातली. पंच म्हणून माझी नेमणूक झाली. मी म्हटलं, "अहो, मला फोटोतलं काही कळत नाही." ते म्हणाले, "म्हणून तर. कळणाऱ्याचं मत आधीच ठरलेलं असतंय."

परीक्षेचा विषय कायम एकच. पितळेचा तांब्या आणि त्याच्या तोंडावर एक लिंबू. तांब्यावरून चमक कळते आणि लिंबावरून हळदीचा रंग, असा त्यांचा सिद्धान्त. दर तीन महिन्यांनी ओटीवर तांब्या, लिंबू आणि त्याभोवती गुडघ्यावर रांगणारा माणूस बघून शेजारच्या काकूंनी आपली नात त्या बाजूने शाळेत पाठवायची बंद केली होती. परीक्षा झाली की ताई त्या लिंबाचं सरबत करत. मग माझ्यापुढे दोन प्रिंट येत, मागे पेन्सिलीने 'अ' आणि 'ब' लिहिलेले. कुठला कुणाचा हे फक्त साडूंना माहीत.

पहिल्या खेपेला मी प्रामाणिकपणे बघितलं आणि 'अ' म्हणालो.  हातातला सरबताचा पेला साडूंनी न पिता खाली ठेवला. मला कळलं की मी धाकटीला कौल दिला. मी घाईघाईने म्हणालो, "थांबा, उजेडात बघतो," आणि उजेडात 'ब' निवडला. त्यांनी पेला उचलला.

तेव्हापासून मी फोटो बघणं सोडलं आणि साडूंकडे बघू लागलो. थोरलीच्या प्रिंटवर माझं बोट गेलं की ते चष्म्याच्या दोरीशी चाळा थांबवत. धाकटीच्या प्रिंटवर गेलं की दोरी जोरात पिळत. मी आयुष्यभर पुस्तकांची देवघेव करणारा माणूस; एवढी कारस्थानं मला झेपत नाहीत. पण यात मी तरबेज झालो. एकदा थोरली, एकदा धाकटी. कोणीही सलग तीनदा हरू नये, म्हणजे घरातून कोणी जाणार नाही. ताई दर वेळी निकाल ऐकायला दारात उभ्या राहत आणि दर वेळी म्हणत, "भाऊजी, तुमी न्यायाधीश झाला असता तर चोराला मेल्यावर शिक्षा लागली असती." मी मान खाली घालून सरबत पीत असे. साडूंना वाटतं परीक्षा चालू आहे, आणि ती मी चालवतो आहे, या विचाराने मला मनातून फार हुशार वाटे.

थोरलीत एक खोट होती. तिच्या पोटातल्या घड्याळाचा छोटा सेल मेला होता. मोठी बॅटरी काढली की ती सगळं विसरे आणि पुन्हा चालू केली की तारीख विचारी. साडू ती कधी भरत नसत. "तारीख बघायला पंचांग हाय," म्हणत. त्यामुळे थोरलीने काढलेला प्रत्येक फोटो, मग तो श्रावणातला असो की शिमग्यातला, तिच्या जन्मसालच्या एक जानेवारीचा निघे. खालापूरकडच्या एका लग्नाला त्यांनी दोन्ही कॅमेरे वापरले आणि कॉम्प्युटरला सांगितलं, वेळेप्रमाणे लाव. कॉम्प्युटरने एक जानेवारी सगळ्यांच्या आधी घेतली. थोरलीने नेमकी पाठवणी टिपली होती. अल्बम उघडला तर पहिल्या पानावर मुलगी रडत गाडीत बसते आहे, आणि आठ पानांनंतर तिला हळद लागते आहे. मुलीचे वडील तो अल्बम घेऊन साडूंच्या दुकानात आले. "वो, पोरगी आदी गेली नि हळद मागनं लागली?"  साडू म्हणाले, "काका, रडणं आदी उरकून घेतलं. आता शेवटच्या पानापत्तुर पोरगी घरातच हाय." वडिलांनी अल्बम मिटला, काखेत मारला आणि न बदलता घरी नेला.

साडू गेल्यावर महिन्याभराने ताईंनी मला बोलावलं. शेलूला नव्या इमारतीत राहणारा एक फोटोग्राफर रविवारी एक कॅमेरा घ्यायला येणार होता. "त्यांनी शब्द दिलावता, हरंल ती विकायची," ताई म्हणाल्या. "मला शब्द पाळायचा हाय. आता तरी खरं सांगा भाऊजी. कुठली हरली?"

मला ते सांगता येईना. अकरा परीक्षा झाल्या होत्या आणि पहिली सोडली तर त्यांतली एकही मी पाहिली नव्हती. मी म्हणालो, मूळ फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून बघतो, आणि या खेपेला खरोखर बघतो. साडूंनी प्रत्येक परीक्षेचं फोल्डर नीट ठेवलं होतं. पहिलं उघडलं. दोन फोटो. एकाची तारीख एक जानेवारी, दुसऱ्याची त्या दिवसाची, बरोबर. धाकटीचा फोटो चांगला होता. लिंबाच्या सालीवरचं प्रत्येक छिद्र दिसत होतं. माझ्यासारख्यालाही कळत होतं.

दुसरं फोल्डर उघडलं. दोन फोटो. दोन्ही एक जानेवारी. तिसरं. दोन्ही एक जानेवारी. चौथं, पाचवं, थेट अकरावं. सगळी लिंबं एकाच दिवशी पिकलेली.  अडीच वर्षं हा माणूस माझ्यापुढे थोरलीचेच दोन फोटो ठेवत होता, आणि मी कुठेही बोट ठेवलं तरी चष्म्याची दोरी कधी पिळून, कधी सोडून मला खेळवत होता.

ताईंना समजावून सांगितलं. त्या स्क्रीनजवळ वाकल्या. "म्हंजे धाकटी खेळलीच नाय?"

"पहिल्यांदा खेळली. जिंकली."

"आन् नंतर तिला मांडवातच घेतली नाय."  त्या पदर तोंडावर धरून हसायला लागल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या. "लबाड मेला. आन् तुमी वो भाऊजी? तुमी काय बघत व्हतात इतके दिस?"

"त्यांच्याकडे," मी म्हणालो.

शेलूच्या माणसाला ताईंनीच फोन केला. "दादा, येऊ नका. आमच्याकडं कुणी हरलं नाय," एवढंच त्या म्हणाल्या.

ताईंच्या साड्या अजून ट्रंकेत आहेत. कपाटात झिरोचा दिवा चालू आहे. महिन्यातून एकदा मी भिसेगावला जातो आणि दोन्ही कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून, चालू करून बघतो. धाकटी लगेच तयार होते. थोरली तारीख विचारते. मी ती भरत नाही.