पंधरावी पायरी

पद्मनाभ राव यांनी सरकारी बांधकाम खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. शाळा, दवाखाने, कचेऱ्या. जिन्याची प्रत्येक पायरी सारख्याच उंचीची हवी, हे ते खात्यात आलेल्या नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगत.

वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या कौलारू घरात खोल्या दोनच. त्यांचा मुलगा नवीन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीला नोकरीला. लग्न ठरल्यावर तो तिकडेच फ्लॅट बघू लागला, तेव्हा पद्मनाभांनी त्याला थांबवलं आणि कौलांखालचा माळा राहण्याजोगा करून घेतला. खिडकी, पंखा, नवा पलंग आणि स्वयंपाकघराच्या दारापासून वर जाणारा सागवानी जिना. मुलगा-सून याच घरात राहावीत, एवढ्यासाठी सगळं. जिन्याचा नकाशा त्यांचाच होता. चौदा पायऱ्या, प्रत्येक सात इंच. सुतार वेंकटने एकही सूतभर चुकवली नाही.

लग्नाच्या आठ दिवस आधी तंजावरहून थोरली बहीण जयंती आली. ती पायऱ्या मोजत वर गेली, उतरताना पुन्हा मोजल्या.

“चौदा? घराला सम आकडा लाभत नाही, पद्दू. नवी सून चढायची त्यावरून.”

पद्मनाभांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण आई गेल्यावर अक्कानेच त्यांना वाढवलं होतं, आणि सुनेच्या बाबतीत त्यांना कसलीच शंका मागे ठेवायची नव्हती. पंधरा सारख्या पायऱ्या करायच्या तर सगळा जिना उकलावा लागला असता. त्यांनी पहिल्या पायरीपुढे चार इंच उंचीची फळी बसवायला सांगितली. आता जमिनीवरून चार इंच, मग तीन, मग सात.

“सार, पाय मोजत नाहीत,” वेंकट म्हणाला. “त्यांना सवय लागते.”

हे पद्मनाभांना कुणी शिकवण्याची गरज नव्हती. तरी ते म्हणाले, बसव.

पहिल्याच महिन्यात सून सुष्मिता दोनदा अडखळली. सासूबाईंनी, विमलांनी, फळीला पिवळा रंग दिला. फळी काढून टाका, असंही त्या नवऱ्याला म्हणाल्या. अक्का पोंगलच्या सणाला येणार होती. त्यानंतर बघू, असं उत्तर मिळालं.

पोंगलच्या आधीच सुष्मिता पडली. सहावा महिना होता. हातात घडी केलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्याआड पायाखालचा पिवळा रंग दिसला नाही. बाळ सुखरूप राहिलं. तीन दिवस दवाखान्यात काढून ती माहेरी गेली.

ती पडली त्याच संध्याकाळी पद्मनाभांनी फळी स्वतः उखडली, खिळ्यांची भोकं बुजवली आणि नवीनला फोन केला. जिना आता नकाशाप्रमाणे आहे, म्हणाले.

“अप्पा, आता फळीचं राहिलं नाही,” नवीन म्हणाला. “जिन्याचं नाव काढलं तरी तिचा हात पोटावर जातो.”

त्याने पेरुंगुडीत लिफ्ट असलेला फ्लॅट घेतला. ऑफिस जवळ पडतं म्हणून गेले, असं पद्मनाभ गल्लीत सांगतात. अक्कालाही त्यांनी तेवढंच सांगितलं.

मागच्या रविवारी टेम्पो आला. दोन माणसांनी पलंग सुटा करून खाली आणला. पद्मनाभ जिन्याच्या पायथ्याशी उभे राहून त्यांना प्रत्येक पायरीला ‘जपून’ म्हणत होते. ती माणसं तीन वेळा चढली-उतरली, एकदाही अडखळली नाहीत.

टेम्पो वळल्यावर विमलांनी विचारलं, माळ्याची खिडकी उघडी ठेवायची का. पद्मनाभ वर गेले आणि ती लावून आले.